बोलू न शकणाऱ्या आजारी मुलाबरोबर वॉर्डात राहताना

आकडीचा त्रास असलेल्या, नाकातल्या नळीने दूध घेणाऱ्या आणि काय दुखते हे सांगू न शकणाऱ्या मुलाला न्यूमोनियासाठी भरती करावे लागते, तेव्हा आजार डॉक्टर ओळखतात, पण ते मूल बरे असताना कसे असते हे घरच्यांनाच ठाऊक असते. माझ्या चार वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे, आणि तिच्याबरोबर अनेकदा वॉर्डात राहिल्यावर मला खात्रीने वाटते, की ही माहिती प्रत्येक पाळीच्या डॉक्टरांपर्यंत आणि सिस्टरपर्यंत पोहोचवणे हे पालकांचे पहिले काम आहे.

त्यासाठी मूल ठणठणीत असतानाच एक पान लिहून ठेवावे. त्यावर निदान, ॲलर्जी, अलीकडचे वजन व ते केल्याची तारीख, औषधे आणि त्यांच्या वेळा असाव्यात. शांत झोपेत मिनिटाला श्वास किती चालतो तेही लिहावे, आणि तो घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजावा, कारण लहान मुलांच्या श्वासाची लय सारखी नसते. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक असेल तर तो जलद धरतात. परंतु आमच्या मुलीचा एरवी २४ असतो हे कागदावर असल्यामुळे तो ३६ झाला तेव्हाच डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासले. आकडी नेहमी कशी येते याचा मोबाइलवरचा छोटा व्हिडिओ वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

औषधांच्या बाबतीत मात्र कागदावर विसंबू नये, बाटल्याच सोबत न्याव्यात. ‘पाच मिली देतो’ एवढे सांगणे अपुरे असते, कारण एकाच औषधाची सिरप वेगवेगळ्या तीव्रतेची मिळू शकतात. म्हणून मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगावी आणि बाटलीवरचा आकडा दाखवावा. एकदा कॅज्युअल्टीतून वॉर्डात हलवण्याच्या गडबडीत मुलीचा रात्री आठचा आकडीच्या औषधाचा डोस राहून गेला. खाली दिला असेल असे वरच्यांना वाटले, वर देतील असे खालच्यांना वाटले, आणि मीही विचारले नाही. पहाटे तिला आकडी आली. तेव्हापासून वॉर्डात पाऊल ठेवताच मी पहिला प्रश्न विचारते: पुढचा डोस किती वाजता आहे आणि तो चार्टवर लिहिला आहे का?

नळीवर नाकपुडीपाशी असलेली सेंटिमीटरची खूण प्रत्येक वेळी दूध देण्यापूर्वी पाहावी. खूण सरकली असेल, चिकटपट्टी सुटली असेल किंवा मूल खोकू लागले असेल, तर दूध थांबवून सिस्टरला बोलवावे. नळी स्वतः आत ढकलू नये. दूध देताना आणि नंतर अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवावी.

सुई टोचायची असेल तेव्हा शक्य असल्यास उपचाराच्या खोलीत नेण्याची विनंती करावी, म्हणजे निदान खाट तरी मुलाला सुरक्षित वाटते. मूल बोलत नसले तरी काय होणार आहे ते त्याला आधी सांगावे. माझी मुलगी माझ्या आवाजाकडे मान वळवते आणि तिची मूठ हळूहळू सैल होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

राउंडपूर्वी तीनच प्रश्न लिहून ठेवावेत. रात्री आईबाबांनी आळीपाळीने झोपावे आणि जागे राहणाऱ्याने दूध, लघवी, ताप यांची वेळ वहीत लिहावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालय असेल तर पहिल्याच दिवशी आरोग्यमित्रांना, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसांना, भेटावे. खर्चाचा विषय शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

घरी सोडण्यापूर्वी सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणे), नेब्युलायझर किंवा नवे काही शिकवले असेल, तर ते सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवावे. कोणत्या लक्षणांवर लगेच परत यायचे ते डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावे. उपचारांच्या नोंदी मागितल्यास ७२ तासांत मिळाव्यात असा वैद्यकीय परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे, तेव्हा त्या संकोच न करता मागाव्यात. घरी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी आपले पान काढावे, बंद झालेल्या औषधांवर तारखेसह रेघ मारावी आणि नवे वजन लिहावे.