लिनक्सवर फोरके मॉनिटर: अक्षरं मोठी करा, पण धुरकट नको

उद्यमनगरात ड्रॉइंग बघायला बरेच जण आता २७ इंची फोरके मॉनिटर घेतात, जोडला की अक्षरं बारीक दिसतात आणि मग कोणतरी सांगतंच, "रिझोल्युशन १०८० कर की भावा." अजिबात करू नका. पैसे ८३ लाख पिक्सेलचे दिलेत आणि काम २१ लाखांवर करणार, वर अक्षरं फुगीर.

मी केडीई प्लाझ्मा ६ (लिनक्सचा एक डेस्कटॉप) धरून सांगतोय. लॉगिन करताना सेशन वेलँडचं निवडा (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची नवी पद्धत; जुनी ती एक्स११). सिस्टीम सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडून स्केल १५० टक्के, अप्लाय. जागा २५६०×१४४० एवढी मिळते, लई झालं.

खरी कटकट पुढं आहे. एखादं जुनं अ‍ॅप अजून बारीकच राहतं, म्हणून लोक त्याच पानावर लेगसी एक्स११ अ‍ॅप्सचा जो पर्याय आहे तिथं 'स्केल्ड बाय द सिस्टीम' करून मोकळे होतात. अ‍ॅप मोठं होतं खरं, पण आता सिस्टीम त्याचं छोटं चित्र ताणून दीडपट करते, आणि हे त्या एकट्याला नाही तर एक्सवेलँडमधनं (वेलँडवर एक्स११ची अ‍ॅप चालवणारा थर) चालणाऱ्या सगळ्याच अ‍ॅपना लागू होतं, त्यामुळं जी नीट दिसत होती तीही अशी धुरकट होतात की चष्म्याचा नंबर वाढला वाटावं. मग केबल बदल, ड्रायव्हर बदल, सुरूच. माझं डोकं इथंच लई फिरलेलं. तो पर्याय 'अ‍ॅप्लाय स्केलिंग देमसेल्व्ज'वरच ठेवा, म्हणजे अ‍ॅप स्वतःच मोठं आणि रेखीव काढतं.

कुठलं अ‍ॅप एक्स११चं आहे ते बघायचं असेल तर एक्सआईज (माऊसकडं बघणाऱ्या दोन डोळ्यांचा छोटा प्रोग्राम) चालवा. त्या अ‍ॅपवरनं माऊस फिरवला आणि डोळे मागं मागं फिरले तर एक्स११, डोळे थांबले तर वेलँड. फायरफॉक्स १२१पासनं आपोआप वेलँडवर चालतो, तिथं हात लावायची गरज नाही.

राहिलं ते बारीक अ‍ॅप. आधी त्याच्याच सेटिंगमध्ये यूआय स्केल आहे का बघा. जावाचं असेल तर मेन्यू एडिटरमधनं फक्त त्याच्यापुरतं जीडीके स्केल (GDK_SCALE) हे व्हेरिएबल २ द्या. हा पूर्ण आकडाच घेतो, १.५ चालत नाही. आणि क्यूटी स्केल फॅक्टर (QT_SCALE_FACTOR, क्यूटीवर बनलेल्या अ‍ॅपसाठी असंच व्हेरिएबल) प्रोफाइल फाईलमध्ये, म्हणजे लॉगिनला वाचल्या जाणाऱ्या फाईलमध्ये टाका असं कोण म्हणालं तर ऐकू नका, तो सिस्टीमच्या स्केलला गुणला जातो, दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोनपट, अर्धी बटणं स्क्रीनबाहेर.

बदल केल्यावर लॉगआउट करून परत या. लॉगिन स्क्रीन बारीक दिसत असेल तर तिच्या सेटिंगमध्ये 'अप्लाय प्लाझ्मा सेटिंग्ज' दाबा.