पहिल्या पावसाआधी स्लरीचा खड्डा झाका

पावसाळा तोंडावर असताना गोठ्यातील इतर कामे दोन दिवस मागे पडली तरी चालतील, परंतु शेणाचा ढीग आणि बायोगॅसच्या स्लरीचा, म्हणजे संयंत्रात शेणापासून गॅस निघाल्यावर उरणाऱ्या पातळ काल्याचा, खड्डा उघडा राहता कामा नये. संयंत्र उत्तम चालते, गॅसही भरपूर मिळतो, आणि स्लरी मात्र सखल जागेतल्या खड्ड्यातून पहिल्याच सरीत ओसंडून ओढ्याला मिळते, असे नुकसान आम्ही वारंवार पाहिले आहे. त्याच शेतात पुढे पीक पिवळे पडते आणि युरियाची गोणी विकत आणावी लागते.

शेण कुजताना संयंत्रातून प्रामुख्याने मिथेन व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. नत्र, स्फुरद व पालाश ही पिकाची मुख्य अन्नद्रव्ये जवळपास सर्वच स्लरीत उरतात. त्यातील नत्राचा मोठा भाग अमोनियम स्वरूपात असल्यामुळे तो पिकाला लवकर लागू पडतो, पण उन्हावाऱ्यात तितक्याच लवकर उडूनही जातो, आणि मागे राहिलेला पालाश पावसाबरोबर वाहतो. म्हणून खड्डा उंचवट्यावर घ्यावा, भोवती बांध व चर काढावा आणि वर उंच छप्पर घालावे. जनावराच्या उत्सर्जनातील पालाशाचा मोठा वाटा मूत्रात असतो, तेव्हा गोठ्याची नाली खड्ड्याकडेच वळवावी. पहाटे गोठ्यात शिरताच डोळे चुरचुरले, तर नत्र हवेत चालला आहे असे समजावे. ही आमची अनुभवाची खूण आहे, मोजमाप नव्हे.

नित्याची कामे:
- संयंत्रात शेण व पाणी १:१ प्रमाणात मिसळून घालावे.
- फिनेलचे पाणी संयंत्रात जाऊ देऊ नये.
- सुका चारा अधिक पौष्टिक करण्यासाठी १०० किलो चाऱ्यास ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा व चारा २१ दिवस झाकून ठेवावा. सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊ नये.
- स्लरी सायंकाळी द्यावी व लगेच मातीआड करावी. जोराच्या पावसाचा अंदाज असल्यास थांबावे.

संयंत्रासाठी जिवाणूंच्या महाग बाटल्या घेण्याचा आग्रह विक्रेते करतात. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव ताज्या शेणात मुळातच असतात, आणि चालू संयंत्रातील थोडी स्लरी विरजण म्हणून पुरते. जनावराच्या पोटातील मिथेन सुमारे ३० टक्क्यांनी घटवणारे ३-नायट्रोऑक्सिप्रोपेनॉल हे खाद्यपूरक संशोधनातून सिद्ध झाले आहे, मात्र ते खाद्यात नियमित जावे लागते, त्यामुळे चरणाऱ्या जनावरांत त्याचा उपयोग कमी होतो. ज्याच्या खड्ड्यावर अजून छप्पर नाही, त्याने आधी त्याचाच खर्च करावा.

पनीर निथळल्यावर उरणाऱ्या पाण्यात साडेचार ते पाच टक्के दुग्धशर्करा असते. ते ओढ्यात सोडल्यास पाण्यातील प्राणवायू संपतो; संयंत्रात एकदम ओतल्यास आम्लता वाढून गॅस बंद पडतो. म्हणून ते थोडे थोडे करून, शेणात मिसळूनच घालावे.

छप्पर घालताना बाजू मोकळ्या ठेवाव्यात. बंदिस्त खड्ड्यात, विशेषतः स्लरी ढवळताना, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो आणि क्षणात बेशुद्धी येते. आत पडलेल्यास काढण्यासाठीही कोणी तसेच खाली उतरू नये.