जावात वेबपत्त्यावरचा मजकूर वाचताना

जावा या प्रोग्रामिंग भाषेत वेबपत्त्यावरचा मजकूर वाचायला चार ओळी पुरतात. मी त्या पहिल्यांदा लिहिल्या तेव्हा प्रोग्राम चाललाही. फक्त पडद्यावर मराठीच्या जागी कचरा आला. एकेका अक्षराची तीन-तीन विचित्र चिन्हं! अर्धा दिवस सर्व्हरला शिव्या घातल्या. चूक माझीच होती.

आधी त्या ओळी. पत्त्याच्या स्ट्रिंगवर यूआरआय.क्रिएट आणि पुढे टूयूआरएल. (थेट 'न्यू यूआरएल' लिहू नका, जावा 20 पासून तो कन्स्ट्रक्टर डेप्रिकेटेड, म्हणजे 'यापुढे वापरू नये' असा ठरवलेला आहे.) त्या ऑब्जेक्टवर ओपनस्ट्रीम मेथड चालवली की इनपुटस्ट्रीम मिळतो. तो इनपुटस्ट्रीमरीडरमध्ये घाला, तो रीडर बफर्डरीडरमध्ये, आणि रीडलाइन नल (म्हणजे 'मजकूर संपला') देईपर्यंत लूप फिरवा. हे सगळं ट्रायच्या कंसात उघडा, म्हणजे बंद करायची आठवण ठेवावी लागत नाही.

खरी गोम मधल्या रीडरमध्ये, म्हणजे इनपुटस्ट्रीमरीडरमध्ये आहे. स्ट्रीममधून येतात ते नुसते बाइट. त्यांची अक्षरं तो बनवतो. यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) 'म' 3 बाइटचा असतो. एन्कोडिंग सांगितलं नाही, तर जावा 18 च्या आधीच्या आवृत्त्या मशीनचं डिफॉल्ट घेत, आणि माझ्या विंडोजवर ते एका बाइटला एक अक्षर धरणारं होतं. झाले 'म'चे तीन तुकडे. उपाय एवढाच: रीडरला दुसरं आर्ग्युमेंट स्टँडर्डचारसेट्समधलं यूटीएफ-8 द्या. जावा 18 पासून डिफॉल्ट तेच आहे, तरी मी लिहितोच. कोड कुठल्या जुन्या मशीनवर जाऊन पडेल, काय सांगावं! पान दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये असेल, तर ते बहुधा सर्व्हरच्या उत्तरासोबत येणाऱ्या कंटेंट-टाइप हेडरमध्ये कळतं.

रीडलाइन ओळीच्या शेवटचं चिन्ह गिळून टाकते. ओळी जोडताना ते परत घाला, नाहीतर सगळा मजकूर एकाला एक चिकटतो.

ओपनस्ट्रीमला वेळमर्यादा देता येत नाही. सर्व्हर गप्प बसला की प्रोग्रामही बसतो. म्हणून मी ओपनकनेक्शन वापरतो आणि सेटकनेक्टटाइमआउट, सेटरीडटाइमआउट दोन्हींना 5000 मिलिसेकंद देतो. स्ट्रीम नंतर गेटइनपुटस्ट्रीमने घेतो. पान सापडलं नाही (404) तर इथे फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन येतो. नाव वाचून डिस्कवरची फाइल शोधत बसू नका, मी शोधली आहे.

नवं काम जावा 11 किंवा पुढच्या आवृत्तीवर असेल तर सरळ जावातलाच एचटीटीपीक्लायंट हा क्लास घ्या. फक्त तो रीडायरेक्ट (सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) आपणहून पाळत नाही. फॉलोरीडायरेक्ट्सला 'नॉर्मल' सांगावं लागतं.