वर्गीकरण अनिश्चित असलेल्या सूक्ष्म सागरी कवचधारीची नोंद कशी करावी

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील प्राणिशास्त्राचे विद्यार्थी चोर्ला घाटाने गोव्याकडे, आंबोलीने वेंगुर्ला-मालवणकडे किंवा रामनगर-जोयडामार्गे कारवारकडे उतरतात आणि परतताना प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) नमुने बाटल्यांतून घेऊन येतात. शंका आली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा किनाऱ्यावर जाणे आपल्याला शक्य नसते. त्यामुळे जे पाहायचे आणि लिहायचे ते पहिल्याच वेळी नीट व्हावे लागते. एखाद्या लहान कवचधारी (कोळंबी-खेकड्यांच्या वर्गातील) प्राण्याचे नाव किंवा स्थान पक्के नसेल तेव्हा नोंदवहीत आणि प्रकल्प अहवालात नेमके काय लिहावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी शंका कोणत्या प्रकारची आहे ते ठरवावे, कारण तीन निरनिराळ्या शंका सर्रास एकाच वाक्यात मिसळल्या जातात. पहिली शंका आपल्या ओळखीविषयीची असते: जाती शास्त्राला ठाऊक आहे, परंतु आपल्यापुढील नमुना तिचाच आहे की नाही हे सांगता येत नाही. दुसरी नावाविषयीची असते: मूळ वर्णन इतके अपुरे असते, किंवा मूळ नमुना हरवलेला असतो, की ते नाव कोणत्या प्राण्याला लावायचे हेच ठरत नाही, अशा नावाला ‘नोमेन डुबियम’ म्हणतात. तिसरी स्थानाविषयीची असते: प्राणी स्पष्टपणे ओळखता येतो, पण तो कोणत्या कुलात किंवा गणात बसवावा यावर एकमत नसते, आणि त्यासाठी ‘इन्सर्टे सेडिस’ ही संज्ञा वापरली जाते. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या अहवालांतील बहुतेक ‘अनिश्चित वर्गीकरण’ पहिल्या प्रकारात मोडते, आणि तसे सरळ लिहिण्यात काहीही कमीपणा नाही.

नमुना घेताना त्याचे दोन भाग करावेत. एक भाग किमान 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा, कारण फॉर्मेलिनमुळे डीएनए खराब होतो. दुसरा भाग बाह्यरचना पाहण्यासाठी सौम्य फॉर्मेलिनमध्ये ठेवला तरी चालतो. लेबल पेन्सिलीने जाड कागदावर लिहून बाटलीच्या आत टाकावे, कारण बाहेर चिकटवलेला कागद अल्कोहोल सांडताच वाचता येईनासा होतो. त्यावर तारीख, अक्षांश-रेखांश, खोली, जाळीच्या छिद्रांचा आकार आणि राज्य लिहावे; आपण तीन राज्यांच्या किनाऱ्यांवर जातो, म्हणून शेवटची नोंद विसरू नये. मालवण सागरी अभयारण्य 1987 पासून संरक्षित असल्याने तेथे नमुने घेण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी.

सरावाला समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्याकडच्या बाजारात मिळणारा सुका जवळा हा मुख्यतः असेटीस या जीनसचा (जवळच्या जातींच्या गटाचा) असतो आणि ओळख कोठे थांबवावी हे शिकण्यासाठी तो उत्तम आहे. मूठभर जवळा कोमट पाण्यात भिजवून भिंगाखाली पाहावा. कोळंबीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात, तर असेटीसमध्ये चौथी आणि पाचवी जोडी नसते. एवढ्यावर जीनस निश्चित करता येतो. जाती ठरवण्यासाठी मात्र नराच्या पोटावरील पहिल्या पायांना असलेला पेटॅस्मा हा अवयव, शृंगिकेची रचना आणि मादीच्या जननभागाचा आकार पाहावा लागतो, आणि वाळवताना हेच भाग तुटलेले असतात. शरीरावरचे लाल ठिपकेही सुकवल्यावर किंवा अल्कोहोलमध्ये टिकत नाहीत. अशा वेळी ‘असेटीस एसपी.’ (म्हणजे जाती न ठरलेला असेटीस) एवढेच लिहावे आणि पुढे ‘पेटॅस्मा तुटलेला’ असे कारण नोंदवावे. जवळा म्हणजे असेटीस इंडिकसच, असे गृहीत धरून नाव पूर्ण करण्याचा मोह टाळावा.

‘एसपी.’च्या पलीकडे आणखी दोन खुणा उपयोगी पडतात. नमुना बहुधा अमुक जातीचाच आहे, पण तुलना बाकी आहे, असे असल्यास जातिनामाआधी ‘सीएफ.’ लिहावे, तो त्या जातीच्या जवळचा, परंतु बहुधा वेगळा वाटत असल्यास ‘अॅफ.’ लिहावे. या दोन खुणांची अदलाबदल झाली तर वाचणाऱ्याला आपले मत उलटे कळते.

यानंतर नाव तपासावे. ‘वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज’ या खुल्या सूचीत प्रत्येक नावापुढे त्याची स्थिती दिलेली असते: स्वीकृत, अस्वीकृत, नोमेन डुबियम किंवा अधिक तपासाची गरज असलेले ‘टॅक्सॉन इनक्विरेंडम’. सूची बदलत राहते, म्हणून पाहिल्याची तारीख लिहून ठेवावी. कर्त्याच्या, म्हणजे जातीचे पहिले वर्णन करणाऱ्याच्या, नावाभोवतीचा कंसही वाचावा. असेटीस इंडिकस एच. मिल्न एडवर्ड्स, 1830 या नावात कंस नाही, कारण जाती आजही मूळ जीनसमध्येच आहे. कॅप्रेला लिनिअॅरिस (लिनीयस, 1767) यात कंस आहे, कारण लिनीयसने ती कॅन्सर या जीनसखाली मांडली होती. कॅप्रेलाचे उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे: हे काडीसारखे अॅम्फिपॉड (लहान कवचधारींचा एक गण) पूर्वी स्वतंत्र उपगण मानले जात, पुढे 2003 मध्ये मायर्स आणि लोरी यांनी त्यांना कोरोफिइडिया या गटात आणले, आणि 2013 मध्ये त्याच दोघांनी मांडलेल्या सेंटिकॉडाटा या नव्या उपगणात ते गेले. या सर्व फेरबदलांत जातीचे नाव तेच राहिले. म्हणून उच्च श्रेणी लिहिताना ती कोणाच्या मांडणीनुसार आहे हे सांगावे, अन्यथा दोन अहवालांतील याद्या जुळत नाहीत.

डीएनएचा आधार घ्यायचा असल्यास सीओआय या जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा सुमारे 658 बेसांचा भाग वाचला जातो. परंतु डीएनए-क्रमांच्या संग्रहात ज्या नावाशी जुळणी निघते ते नाव तेथील मूळ नमुन्याला बरोबर दिलेले होते का, हे जुळणीच्या टक्केवारीवरून कळत नाही. रचनेची रेखाचित्रे सोबत असल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

नाव न देताही काटेकोर नोंद कशी होते, हे पाहण्यासाठी वाय-अळ्यांचा इतिहास वाचावा. 1899 मध्ये डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ हान्सन यांनी प्लवकांतील काही नॉप्लियस (कवचधारींच्या सुरुवातीच्या अवस्थेतील) अळ्यांना कोणत्याही ज्ञात प्रौढाशी न जोडता केवळ ‘वाय’ हे अक्षर दिले. 1985 मध्ये ग्रायगियर यांनी त्यांच्यासाठी फॅसेटोटेक्टा हा गट मांडला आणि त्याच वर्षी इतो यांनी हान्सेनोकॅरिस हा जीनस उभा केला. 2008 मध्ये ग्लेनर आणि सहकाऱ्यांनी या अळ्यांना कात टाकायला लावणारे संप्रेरक दिले, तेव्हा आतून पाय नसलेला मऊ जीव बाहेर पडला, ज्यावरून प्रौढ अवस्था परजीवी असावी असा तर्क झाला. प्रौढ प्राणी मात्र आजवर ओळखला गेलेला नाही. गटाचे स्थान बार्नॅकलांसोबत (खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचधारींसोबत) थेकोस्ट्राका या मोठ्या गटामध्ये मानले जाते. अशी अळी आपल्या जाळीत आली तर ‘थेकोस्ट्राका, फॅसेटोटेक्टा, वाय-नॉप्लियस, प्रकार १’ असे लिहून लांबी आणि रेखाचित्र जोडावे. अळ्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या असल्याने 200 मायक्रॉनपेक्षा बारीक जाळी वापरलेली बरी.

शेवटी नमुन्याला क्रमांक देऊन तो महाविद्यालयाच्या संग्रहात ठेवावा आणि तज्ज्ञाकडे पाठवायचा झाल्यास सर्व नमुने एकदम पाठवू नयेत. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षण यांच्याकडे विचारणा करताना पत्रात नाव सुचवण्याआधी कोणते अवयव पाहिले, कोणते तुटले होते आणि शंका वरील तिन्हींपैकी कोणती आहे, हे लिहावे.