थंडी पडायच्या आधी सोलर प्लेटचे व्होल्ट तपासून घ्या

ज्यांचं झटका मशीन, शेडमधले लाईट नाहीतर छोटा डीसी पंप सोलर आणि बॅटरीवर चालतो त्यांनी थंडीच्या आत एवढं करा, प्लेटच्या मागचं स्टिकर वाचा आणि चार्ज कंट्रोलरवर (प्लेट आणि बॅटरीच्या मधलं चार्जिंग सांभाळणारं यंत्र) लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. सगळे वॅटच विचारतात, पण हिवाळ्यात कंट्रोलर जातो तो व्होल्टनं.

प्लेट जेवढी गार तेवढे तिचे व्होल्ट जास्त. स्टिकरवरचा व्हीओसी, म्हणजे प्लेटला काहीच जोडलेलं नसताना येणारे व्होल्ट, 25 अंशाला मोजलेला असतो, त्याच्या खाली दर अंशाला साधारण 0.3 टक्के वाढ धरायची. आता समजा 540 वॅटच्या दोन प्लेटा आहेत, एकीचा व्हीओसी 49.5, सिरीजमध्ये जोडल्या की झाले 99, आणि कंट्रोलरची लिमिट 100 व्होल्ट, म्हणजे वाटतं बसलं की बरोबर! पण पहाटे पारा 5 अंशावर असला की ऊन पडल्या पडल्या तेच 105 च्या आसपास जातात आणि कंट्रोलर तिथंच उडतो, वर वॉरंटीवालेही हात वर करतात. अशा ठिकाणी प्लेटा पॅरललच जोडा, व्होल्ट एकाच प्लेटचे राहतात, फक्त अँपिअर डबल होतात त्यामुळे वायर जाड घ्या. नाहीतर सरळ 150 व्होल्टचा कंट्रोलर घ्या.

वॅट थोडे जास्त झाले तर एमपीपीटीला (प्लेटचे जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलून घेणारा कंट्रोलर) तेवढा धोका नाही, तो आपल्या अँपिअरपुरतं घेतो आणि बाकीचं सोडतो, पण किती जास्त चालतं ते मॅन्युअलमध्ये बघूनच. अँपिअरचा हिशोब सोपा आहे, वॅटला बॅटरीच्या व्होल्टनं भागा. 1080 वॅट 24 व्होल्टच्या बॅटरीवर म्हणजे 45 अँपिअर, त्याच प्लेटा 12 वर लावल्या तर 90, म्हणून मोठ्या प्लेटा असतील तर बॅटरी बँक 24 ची केलेली कधीही चांगली.

पीडब्ल्यूएम या साध्या प्रकारच्या कंट्रोलरचं वेगळं. तो प्लेटला बॅटरीच्या व्होल्टवर खाली ओढतो, 540 वॅटची प्लेट 12 व्होल्टवर लावली तर जेमतेम 175 वॅट हातात येतात, पैसे वाया, त्याला 12 व्होल्टवालीच प्लेट पाहिजे. आणि प्लेटांच्या आयएससीची (स्टिकरवरचा शॉर्ट सर्किटचा अँपिअर आकडा) बेरीज करून वर 25 टक्के सोडा, तेवढ्या अँपिअरचा कंट्रोलर घ्या.

जोडणी बदलताना आधी प्लेटची वायर काढा मग बॅटरीची, जोडताना बॅटरी पहिली, आणि प्लेट लावायच्या आधी मल्टीमीटर लावून सकाळच्या गारव्यातच व्होल्ट बघा, दुपारचं रीडिंग कमी येतं.