अमेरिकेत हायस्कूल फुटबॉल खेळणाऱ्या भाच्याला पैशाची ऑफर आली तर आधी काय बघायचं

माझी बहीण एडिसनला, न्यू जर्सीत. मावसभाऊ फ्रिस्कोला, टेक्सासमध्ये. दोघांचीही पोरं हायस्कूलला फुटबॉल खेळतात, म्हणजे आपला फुटबॉल नाही, तो हेल्मेटवाला. मी परळला बसून लोकांचे टॅक्स आणि करार बघतो त्यामुळे दोन्हीकडचे पीडीएफ रात्री अकराला माझ्या व्हॉट्सॲपवर येतात, आणि वर्षभरात याबद्दल इतकं वाचून झालंय की आता म्हटलं ज्यांची कोणाची भाचरं, पुतणे तिकडे खेळतात त्यांच्यासाठी लिहूनच टाकावं.

सगळ्यात आधी राज्य बघा. देशभर एकच असा कायदाच नाहीये. माझ्या भाच्याने एडिसनमधल्या एखाद्या दुकानाची जाहिरात करून २०० डॉलर घेतले तर चालतं, तेच पुतण्याने फ्रिस्कोच्या सरकारी शाळेत खेळताना आपल्या फुटबॉलच्या नावावर घेतले तर त्याची खेळायची पात्रताच जाऊ शकते. आपल्याकडे हॅरिस शील्ड खेळणाऱ्या पोराला कोणी ओळखीचा दुकानदार बॅट देतो आणि घरचे पेढे वाटतात, तिकडे तसं काही घेण्याआधी नियम उघडायचा.

आणि नियम दोन जागी असतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एक राज्याच्या विधिमंडळाने केलेला कायदा, दुसरी हायस्कूलच्या खेळांची राज्य संघटना आणि तिची नियमावली. न्यू जर्सीत एनजेएसआयएए ही संघटना आहे, तिने २०२१ मध्येच परवानगी दिली. कॅलिफोर्नियातली संघटना सीआयएफ, तिथेही चालतं. फ्लोरिडाने २०२४ मध्ये नियम बदलला. नॉर्थ कॅरोलिनात त्याच वर्षी एका क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकून संघाचा खेळ चालवणारा खेळाडू) आईने कोर्टात केस केली तेव्हा कुठे सरकारी शाळांतल्या मुलांना दार उघडलं. टेक्सासमध्ये मात्र संघटनाही नाही म्हणते आणि कायदाही. तिकडची संघटना यूआयएल, तिचा अमॅच्युअर, म्हणजे हौशी खेळाडूंचा, नियम आहे की यूआयएलच्या खेळांच्या जोरावर पैसे किंवा किमती वस्तू घ्यायच्या नाहीत. डॅलसजवळच्या साउथलेकचा क्विन ईवर्स याच कारणाने २०२१ मध्ये हायस्कूलचं शेवटचं वर्ष सोडून ओहायो स्टेट विद्यापीठात गेला, कारण शाळेत राहिला असता तर डील घेताच आली नसती. भावाने हे ऐकलं आणि लगेच विचारायला लागला की आपणही मुलाला लवकर पाठवू का. मी म्हटलं थांब रे, तो देशातल्या पहिल्या दोन-चार पोरांमधला होता, तुझा मुलगा चांगला किकर, म्हणजे बॉलला लाथ मारून गुण घेणारा, आहे पण त्याला बारावीचा सीझन खेळून व्हिडिओ जमवायचेत, कॉलेजचे कोच तेच बघतात.

पुढचं, पैसे कशाचे मिळतायत ते बघा. परवानगी आहे ती एनआयएलची, म्हणजे नेम, इमेज, लाइकनेस. मुलाचं नाव, चेहरा, सही, इन्स्टावरची पोस्ट, कॅम्पमध्ये लहान मुलांना शिकवणं, याचे पैसे. टचडाउन मारल्याचे नाही, अमुक शाळेत ये म्हणून दिलेले नाही. जिथे एनआयएल चालतं तिथेही शाळेचं नाव, लोगो, गणवेश यातलं काही वापरायचं नाही, आणि दारू, तंबाखू, जुगार, शस्त्रं यांच्या जाहिराती बंद. इथे आमची एक चूक झाली ती सांगतो. भाच्याला एका स्पोर्ट्स दुकानाचं पहिलं काम मिळालं, पोराने खुशीत शुक्रवारची मॅच संपल्यावर तीच निळी जर्सी अंगात ठेवून रील केली, छातीवर शाळेचं नाव मोठ्या अक्षरात. बहिणीने कौतुकाने मला पाठवली आणि मी इकडे लोकलमध्ये उभा राहून ती बघतोय, घामच फुटला. तासाभरात काढायला लावली, दुसऱ्या दिवशी परसदारी साधा राखाडी टीशर्ट घालून परत शूट केली, आणि शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे खेळांच्या प्रमुखाला, बहिणीने स्वतःहून मेल करून काय झालं ते कळवलं. ते माणूस चांगले होते, निभावलं. दुकानदाराला काहीच फरक पडत नव्हता, पात्रता गेली असती ती पोराची.

आता कॉलेजच्या रिक्रूटिंगचा, म्हणजे हायस्कूलमधून खेळाडू निवडण्याचा भाग, जिथे मोठे आकडे असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत टेनेसीच्या फेडरल कोर्टाने एनसीएएला, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या देशव्यापी संघटनेला, अशा निवडीतल्या मुलांशी एनआयएलच्या पैशाबद्दल बोलण्यावरची बंदी लावण्यापासून थांबवलं, आणि १ जुलै २०२५ पासून तर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. बारावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून लेखी ऑफर देता येते. पण ऑफर आली म्हणजे पैसे आले नाहीत, सही पुढे होते आणि पैसे त्याच्याही पुढे. टेक्सासने २०२५ मध्ये कायदा बदलला की १७ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाने कॉलेजशी करार केला तर चालेल, पण पैसे कॉलेजात दाखल झाल्यावरच. मिझुरीने २०२३ मध्ये वेगळंच केलं, राज्यातल्याच कॉलेजशी सही केली तर मुलगा हायस्कूलला असतानाच कमवू शकतो. म्हणजे कायद्यानेच पोराला घराजवळ ठेवायचं, हे मला फार पटत नाही, १७ वर्षांच्या पोराने कॉलेज कोणतं निवडावं त्यात एवढा हात घालू नये.

तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नका. जेडन रशाडाचं उदाहरण घरात सगळ्यांना सांगा. कॅलिफोर्नियाचा क्वार्टरबॅक, फ्लोरिडा विद्यापीठाला जाणार होता, १ कोटी ३८ लाख डॉलरच्या वरचा करार, ते पैसे आलेच नाहीत, त्याने दुसरं कॉलेज धरलं आणि २०२४ मध्ये कोर्टात गेला. पैसे कोण देणार आहे, कॉलेज, डोनरांचा गट की एखादी कंपनी, हे नाव करारात हवं, कोचने फोनवर काय सांगितलं ते नाही.

करार वाचताना मी तीन शब्द आधी शोधतो, कायमचा, एकमेव हक्क, आणि भविष्यातली कमाई. तिसरा सगळ्यात वाईट. फ्लोरिडाचाच जर्वॉन डेक्स्टर, त्याने कॉलेजात असताना ४,३६,४८५ डॉलर घेतले आणि बदल्यात एनएफएलच्या, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, कमाईचा १५ टक्के हिस्सा २५ वर्षांसाठी लिहून दिला, मग २०२३ मध्ये त्यालाही केस करावी लागली. हा आकडा मी भावाला कागदावर मांडून दाखवला तेव्हा त्याला कळलं मी रात्री एवढा का ओरडतो ते. आणखी एक, आपल्याकडे १८ खालच्याचा करार मुळातच रद्दबातल असतो, तिकडे बहुतेक राज्यांत तो फक्त मुलाला रद्द करता येतो, म्हणून कंपन्या आईवडिलांचीही सही मागतात. ती सही केली की तुम्हीही अडकता, म्हणून तिकडच्याच राज्यातला वकील घ्या, माझ्यासारखा मुंबईतला मामा पुरत नाही.

व्हिसाचं तर आपल्या लोकांना विसरून चालणारच नाही. मुलगा तिकडे जन्मलेला असेल तर काळजी नाही. पण एच फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर त्याला काम करायची परवानगी नाही, एफ वन या विद्यार्थी व्हिसावर कॉलेजला गेला तर कॅम्पसबाहेर अशी कामं करता येत नाहीत, आणि एका रीलचे ५०० डॉलर हे कामच धरलं जाऊ शकतं. हायस्कूलची संघटना हो म्हणाली तरी व्हिसा हो म्हणत नाही. आधी इमिग्रेशन वकील, मग रील.

टॅक्स थोडक्यात, निव्वळ कमाई ४०० डॉलरच्या वर गेली की सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे नोकरीशिवाय स्वतः केलेल्या कमाईवरचा कर, लागतो, १५.३ टक्के, मूल लहान आहे म्हणून सुटत नाही. कामाच्या बदल्यात फुकट मिळालेले बूटही कमाईतच धरायचे.

आणि हे सगळं दर काही महिन्यांनी बदलतं, म्हणून दरवेळी ॲथलेटिक डायरेक्टरला मेलवरच विचारायचं, अमुक दुकान, अमुक काम, अमुक रक्कम, चालेल का, आणि उत्तर जपून ठेवायचं. फ्रिस्कोचा पुतण्या जानेवारीत १७ चा होतोय. एका कॉलेजचा कोच आत्ताच फोनवर आकडे बोलतोय, भावाने त्याला एवढंच सांगितलंय की जे असेल ते लिहून पाठवा.