आगोटीला विजेची बेगमी

आगोटीला, म्हणजे मिरगाआधीच्या दिवसांत, कोकणात शाकारणी होते, सुकी मासळी भरली जाते. विजेची बेगमी मात्र राहून जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं, त्यानंतर रायगडातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. म्हणून ही कामं मे महिन्यातच उरकून घ्या.

आधी छपरावरच्या सोलरचं बघा, कारण गैरसमज इथेच फार. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि बिल खरंच उतरतं. पण बहुतेकांकडे बसतो तो ऑनग्रिड संच, म्हणजे थेट विजेच्या लाइनला जोडलेला, बॅटरी नसलेला. लाइन गेली की लख्ख उन्हातही त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, खांबावरच्या वायरमनला आपल्या छपरावरून शॉक बसू नये म्हणून. वादळात उजेड हवा तर हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागतेच. कोटेशन घेतानाच हे स्पष्ट विचारा. नंतर बदलायला दुप्पट जीव जातो.

बॅटरीआधी भार उतरवा. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तिसाच्या आसपास. असे दोन पंखे, ९ वॅटचे चार एलईडी आणि मोबाइल मिळून शंभरेक वॅट होतात. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली वारंवार उतरवू नये, तरीही रात्र निघते. डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, टर्मिनलवरचा पांढरा थर पुसून व्हॅसलीन लावा. पंप मात्र तिच्यावर नको. एक एचपीचा पंप एकटा किलोवॅटभर ओढतो, त्यापेक्षा विहिरीच्या रहाटाला नवा दोर घाला.

छपरावर चढलात की फुटकी कौलं बदला आणि पॅनेलच्या चौकटीचे नटबोल्ट हाताने हलवून बघा. खाऱ्या हवेत साधं लोखंड पटकन गंजतं. तिथे स्टेनलेस स्टीलच हवं, पैसे वाचवू नका. घरावर झुकलेल्या माडांचे नारळ, सुक्या झावळ्या उतरवून घ्या. पन्हळी साफ करा. कौलं काढून स्लॅब टाकायचा विचार असेल तर थांबा: जांभ्याच्या भिंती, कौलं आणि समोरासमोरच्या खिडक्या असलेल्या घराला पंखासुद्धा कमी लागतो.

वादळाचा इशारा आला की टाक्या भरा, टॉर्च आणि पॉवरबँक चार्ज करा. घरात पाणी शिरायची शक्यता दिसली तर पाणी यायच्या आत मेन स्विच पाडा, आणि बॅटरी आधीच उंचावर हलवून ठेवा.